मिरासदाराचा उपरी

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी मोबाइल प्रथम हाती घेतला, त्यांना एक विधी अद्याप स्मरत असेल: यंत्र रुसून निश्चल झाले, की पाठीवरील झाकण नखाने उचकटायचे, बॅटरी काढून सदऱ्याला पुसायची आणि पुन्हा बसवायची, बहुधा तेवढ्यानेच ते शुद्धीवर येई. २००३ साली आलेला, माथ्यावर विजेरी मिरवणारा नोकिया ११०० हा त्या युगाचा खरा प्रतिनिधी. त्या ठोकळ्याचे सौंदर्य कोणी वाखाणले नाही. पण त्याच्या अंतःपुरात शिरण्याचा अधिकार मालकाकडे होता.

तो अधिकार किती मोलाचा, हे एका संकटाने दाखवून दिले. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी जातीच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना अतोनात तापण्याचा संभव आहे, असे नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर केले. आपल्याकडे घबराट उडाली खरी. तथापि बॅटरी काढून, तिच्या पाठीवरचा क्रमांक पडताळून, सदोष निघाल्यास तेवढीच बदलून घ्यायला जो तो मुखत्यार होता. पुढे २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा ही सोय उरली नव्हती. बॅटरी आत जखडलेली. दोष एका अवयवाचा, परंतु लाखो फोन सबंधच्या सबंध परत मागवावे लागले आणि अखेर ते वाणच बंद झाले.

हा फेरबदल निव्वळ लबाडीचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुटी बॅटरी खिशातल्या किल्ल्यांशी घासणार, म्हणून तिला कठीण कवच हवे, झाकणाला खाचा हव्यात. हे सारे वगळून मऊ पाकिटासारखी बॅटरी आत डकवली, की तेवढ्याच जागेत अधिक वीज मावते, फोन सडपातळ होतो, आणि सांधे डिंकाने बुजवल्याने पाणी सहजी शिरत नाही. कोकणच्या पावसात ज्याचा फोन एकदा भिजला आहे, तो या लाभाला क्षुल्लक म्हणणार नाही. परंतु लिथियम-आयन बॅटरी स्वभावतःच नश्वर. दर भरणीगणिक थोडे लिथियम आतल्या ग्राफाइटवर साचणाऱ्या थरात कायमचे अडकून पडते, उष्णता हा क्षय वाढवते, आणि पाचशे ते आठशे पूर्ण भरण्यांनंतर तिची धारणशक्ती साधारणतः मूळच्या ८० टक्क्यांवर येते. पडदा, कॅमेरा, स्मृती यांचे आयुष्य सहसा याहून मोठे. म्हणजे जो अवयव सर्वांआधी मरणार, नेमका तोच कुलपात ठेवलेला!

मराठेशाहीच्या महसुली कागदांत मिरासदार आणि उपरी असे कुळांचे दोन भेद आढळतात. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची मुदतीपुरती. फोनची पूर्ण रक्कम मोजून आपण मिरासदार झालो अशा समजुतीत असतो, आणि वहिवाट मात्र उपऱ्याची चालते. जीर्ण बॅटरीचे काही आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आपण कमी करतो, ही कबुली ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. हेतू कदाचित शुद्ध असेल. पण मालकाला खबर नव्हती, आणि या मौनाबद्दलच फ्रान्समध्ये २०२० साली त्या कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जे काम नखाने होई, त्यासाठी आता कायदा करावा लागतो.

माझ्या स्वतःच्या फोनची बॅटरी गेल्या वैशाखात फुगली. पडद्याची एक कड उचलली गेली तेव्हा ते ध्यानात आले. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका तरुण कारागिराने गरम हवेने डिंक मऊ केला, कडेने प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवली आणि एखादे जुने पाकीट उघडावे तसा फोन उघडला. नवी बॅटरी बसवून, कडांना नवा डिंक लावून, वर चार रबरबँड गुंडाळत तो म्हणाला, "काका, तासभर असाच राहू द्या. आणि आता पाण्यापासून जपा हं, पूर्वीसारखा वॉटरप्रूफ राहणार नाही."