६८२ किलोमीटर आणि दीड तास

तळ्याहून मुंबईच्या विमानतळावर जायचे तर आधी इंदापूरला येऊन मुंबई-गोवा महामार्ग धरावा लागतो. तीन तास सहज जातात. तेथून निघणारे विमान मात्र दीड तासात नागपूरला पोचते. हे अंतर आहे तरी किती? नकाशासंग्रह उघडा आणि आपणच काढू या.

दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा १ अंश म्हणजे १११ कि.मी.; तेव्हा उत्तरेकडे २२२ कि.मी. झाले. रेखांशांत फरक ६.२ अंशांचा. पण रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. आपल्या २० अक्षांशांच्या आसपास रेखांशाचा १ अंश सुमारे १०४ कि.मी. भरतो, म्हणजे पूर्वेकडे ६४५ कि.मी. आता पायथागोरसचा सिद्धांत वापरून कर्ण काढला, की उत्तर येते ६८२ कि.मी. (मुंबई-लंडनसाठी ही युक्ती चालणार नाही. तेथे पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावाच लागतो.)

नागपूर देशाच्या मध्याजवळ आहे, याचा टपालखात्याने मोठा उपयोग करून घेतला होता. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत.

जेट विमान ताशी ८०० कि.मी. वेगाने जाते असे धरू. ६८२ ला ८०० ने भागले, तर ५१ मिनिटे येतात. मग वेळापत्रकात दीड तास कसा? कारण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांग असते. विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उड्डाण करते. वारा बहुधा समुद्रावरून येतो. त्यामुळे पूर्वेच्या नागपूरला निघालेले विमान आधी पश्चिमेला उडते आणि मग वळते! वर चढताना आणि खाली उतरताना वेगही बराच कमी असतो.

शिवाय वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. वाऱ्याचा वेग ताशी १०० कि.मी. धरला, तर हेच अंतर जाताना ४५ मिनिटांत आणि येताना ५८ मिनिटांत कापले जाईल. फरक १३ मिनिटांचा.

तेरा मिनिटे क्षुल्लक वाटतील. पण दात्याचे हृदय थंड पेटीतून नेले जाते, तेव्हा ते साधारण ४ तासांच्या आत दुसऱ्याच्या छातीत सुरू व्हावे लागते. नागपूर-मुंबई प्रवासात त्यांतला दीड तास विमानातच जाणार. वाऱ्यावर कोणाचा ताबा नाही, शस्त्रक्रियेत घाई चालत नाही. वेळ वाचवायला उरतो तो इस्पितळ ते विमानतळ हा रस्ताच. म्हणून पोलीस चौकाचौकांतली वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेला वाट मोकळी करून देतात.