कोडमधला गुंता: मोजायचा कसा, सोडवायचा कुठून

ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टोयोटा कंपनीविरुद्धच्या एका खटल्याचा निकाल लागला. २००७ साली कॅम्री गाडीचा वेग अचानक वाढून अपघात झाला होता. त्यात गाडी चालवणारी महिला गंभीर जखमी झाली आणि शेजारी बसलेली महिला दगावली. ज्युरीने एकूण ३० लाख डॉलर भरपाई ठरवली. वादींच्या बाजूने मायकेल बार या एम्बेडेड सॉफ्टवेअर तज्ज्ञाची साक्ष झाली. इंजिनाचे नियंत्रण करणारा कोड तपासून त्यांनी सांगितले, की त्यातल्या ६७ फंक्शन्सची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी ५०च्या वर आहे आणि थ्रॉटलचा कोन ठरवणाऱ्या फंक्शनची तर १००च्याही वर. पन्नाशी ओलांडलेले फंक्शन नीट टेस्ट करता येत नाही आणि शंभरी ओलांडलेल्याची दुरुस्तीही धड करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

टोयोटाने सॉफ्टवेअरमध्ये दोष असल्याचे नाकारले. त्याआधी, २०११ साली, नासाच्या अभियंत्यांनी केलेल्या तपासणीतही इलेक्ट्रॉनिक्समुळे गाड्या आपोआप वेग घेतात असा पुरावा मिळाला नव्हता. त्यामुळे गुंतागुंतीच्या आकड्यावरून अपघाताचे कारण सिद्ध होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण एका शोधनिबंधात जन्मलेले माप कोर्टापर्यंत पोचले, एवढे त्याचे वजन आहे. ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे प्रोग्रामरला ठाऊक हवे आणि त्याच्या मॅनेजरलाही.

मॅकेब यांचे माप

थॉमस मॅकेब यांचा निबंध डिसेंबर १९७६मध्ये आयट्रिपलईच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगविषयक नियतकालिकात आला. फंक्शन म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा आलेख मानायचा. रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करायची आणि २ मिळवायचे, की झाली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. रोजच्या कामात आलेख काढावा लागत नाही. निर्णयाच्या जागा मोजायच्या आणि १ मिळवायचा. प्रत्येक इफ, प्रत्येक लूप, स्विचमधली प्रत्येक केस ही एकेक जागा. अटींना जोडणारे ‘आणि’, ‘किंवा’ हेसुद्धा बहुतेक टूल्स मोजतात.

या आकड्याचा थेट अर्थ असा, की फंक्शनमधून जाणाऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा तेवढ्या आहेत. आकडा १२ आला आणि तुमच्याकडे ३ टेस्ट असल्या, तर काही वाटांवर आजवर कोणी पाऊल ठेवलेले नाही. माझ्या मते या मापाचा सर्वांत उपयोगी अर्थ हाच.

मॅकेब यांनी १० ही मर्यादा सुचवली. नासाच्या सध्याच्या नियमांत, ज्या सॉफ्टवेअरवर माणसांचे जीव अवलंबून आहेत, त्याच्यासाठी १५ची मर्यादा आहे. जावास्क्रिप्टच्या ईएसलिंटमध्ये हा नियम चालू केला, की मुळातली मर्यादा २० असते. पायथॉनचे रेडॉन शाळेसारखी श्रेणी देते: ५पर्यंत ए, १०पर्यंत बी, आणि ४०च्या पुढे एफ.

एसटीच्या तिकिटावर हिशेब

एसटीच्या सवलतींचे नियम सगळ्यांना माहीत आहेत. ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, १२ वर्षांपर्यंत अर्धे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे. ऑगस्ट २०२२पासून ७५च्या पुढच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. ज्येष्ठांच्या आणि महिलांच्या या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. थोडे सोपे करून, उदाहरणादाखल, हे नियम कोडमध्ये असे उतरवता येतील:

इफ (वय < ५) भाडे = ०
एल्स {
  इफ (वय <= १२) भाडे = अर्धे
  एल्स {
    इफ (राज्यात) {
      इफ (वय >= ७५) भाडे = ०
      एल्स {
        इफ (वय >= ६५ किंवा महिला) भाडे = अर्धे
        एल्स भाडे = पूर्ण
      }
    }
    एल्स भाडे = पूर्ण
  }
}

इफ पाच, ‘किंवा’ एक, अधिक १. सायक्लोमॅटिक आकडा ७. मॅकेब यांच्या मर्यादेत आरामात बसतो. पण सगळ्यात शेवटचे ‘भाडे = पूर्ण’ कोणाला लागू होते, ते न थांबता सांगून पाहा. कंस मोजत वर जावे लागते.

वाचणाऱ्याचा त्रास

ही उणीव भरून काढायला सोनारसोर्स कंपनीच्या जी. ॲन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे माप मांडले. कोड वाचताना डोक्यात किती गोष्टी धरून ठेवाव्या लागतात, याचा अंदाज ते देते. प्रत्येक इफला १ गुण, आणि तो जितक्या इफ-एल्सच्या पोटात असेल तितके जादा गुण. एल्सला १. स्विच मात्र आतल्या सगळ्या केसेससकट एकच धरला जातो, कारण सरळ यादी वाचायला त्रास होत नाही.

वरच्या कोडला हे माप लावू. पाच इफ एकापोटी एक आहेत, म्हणजे १, २, ३, ४ आणि ५ मिळून १५. पाच एल्सचे ५. ‘किंवा’चा १. एकूण २१. याच कंपनीचे सोनारक्यूब हे टूल बहुतेक भाषांसाठी १५च्या वर गेलेल्या फंक्शनवर बोट ठेवते.

आता तेच नियम असे लिहू:

इफ (वय < ५) रिटर्न ०
इफ (वय <= १२) रिटर्न अर्धे
इफ (राज्याबाहेर) रिटर्न पूर्ण
इफ (वय >= ७५) रिटर्न ०
इफ (वय >= ६५ किंवा महिला) रिटर्न अर्धे
रिटर्न पूर्ण

नियम तेच, उत्तरेही तीच. सायक्लोमॅटिक आकडा अजूनही ७, कारण वाटा तेवढ्याच आहेत. कॉग्निटिव्ह आकडा मात्र २१वरून ६वर आला.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६च्या ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात गुंतागुंतीचे दोन प्रकार सांगितले होते: विषयातच असलेली आणि आपण लिहिताना वाढवलेली. ते ७ एसटीच्या नियमांचे आहेत. नियम इफमध्येच लिहायचे, तर सरकारने सवलत रद्द केल्याशिवाय ते खाली येणार नाहीत, आणि प्रोग्रामरवर त्यासाठी दबाव आणणे अन्यायाचे आहे. २१ आणि ६ यांतला फरक मात्र सर्वस्वी आपल्या हातातला.

बाकीची मापे

मॉरिस हॉल्स्टेड यांनी १९७७ साली ऑपरेटर आणि ऑपरंड मोजून कोडचे ‘आकारमान’ काढण्याची सूत्रे दिली. ती, सायक्लोमॅटिक आकडा आणि ओळींची संख्या एकत्र करून मेन्टेनेबिलिटी इंडेक्स निघतो. व्हिज्युअल स्टुडिओत तो ० ते १०० असा दिसतो आणि २०च्या वर हिरवा असतो. एवढी सरमिसळ झाल्यावर आकडा घसरला तरी नेमके काय दुरुस्त करायचे ते कळत नाही, म्हणून मी त्याच्यावर फार भिस्त ठेवणार नाही.

साध्या ओळी मोजणे मात्र कमी लेखू नये. ओळी वाढल्या की सायक्लोमॅटिक आकडाही बहुधा वाढतोच. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत असताना जेरार्ड होल्झमन यांनी लिहिलेल्या दहा नियमांत फंक्शन कागदाच्या एका पानावर, साधारण ६० ओळींत, मावावे असे म्हटले आहे. लिनक्स कर्नलची शैलीपुस्तिका तर तीनपेक्षा जास्त पातळ्यांचे इंडेंटेशन लागले तर प्रोग्रामच दुरुस्त करा, असे बजावते.

कुठून सुरुवात करावी

जुन्या प्रोजेक्टवर टूल चालवले, की शेकडो फंक्शन्सची यादी समोर येते आणि टीम हताश होते. ती यादी वरून खाली साफ करत जाणे म्हणजे वेळेचा अपव्यय. आठ वर्षांत कोणी न उघडलेले, बिनतक्रार चालणारे फंक्शन ४५ आकड्याचे असले तरी तूर्त राहू द्यावे.

ॲडम टॉर्नहिल यांनी २०१५च्या आपल्या पुस्तकात दाखवलेली वाट मला पटते. गिटच्या लॉगमधून गेल्या वर्षभरात कोणती फाइल किती वेळा बदलली ते काढायचे, आणि त्याशेजारी तिची गुंतागुंत लिहायची. दोन्ही आकडे मोठे असलेल्या फाइल्स थोड्याच निघतात. टीमचा वेळ तिथे जातो, बग बहुधा तिथून येतात, आणि ‘याला हात नको लावूस’ असे नव्या मुलाला ज्या फाइलबद्दल सांगितले जाते, ती या यादीत हमखास असते.

हात लावण्याआधी

कोड सुटसुटीत करताना उत्तर बदलले, तर ते रिफॅक्टरिंग नव्हे. मायकेल फेदर्स यांनी २००४मध्ये लेगसी कोडवर पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह असा, की कोड आज जसा वागतो, तसाच टेस्टमध्ये आधी नोंदवून ठेवा. बरोबर की चूक ते नंतर पाहू.

तिकिटाच्या उदाहरणात काठावरची वये ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७४ आणि ७५. प्रत्येकासाठी महिला की पुरुष, राज्यात की राज्याबाहेर. झाल्या ३२ टेस्ट. अर्ध्या तासाचे काम.

यांतली एक टेस्ट किती मोलाची आहे ते पाहा. समजा, २०२३चा नियम घाईत घालताना कोणी ‘महिला असेल तर अर्धे’ ही ओळ ७५च्या अटीच्या वर टाकली. प्रोग्राम चालेल, तरुणींना सवलत मिळेल, सगळे खूश. पण ८० वर्षांच्या आजींकडून, ज्यांचा प्रवास मोफत आहे, अर्धे भाडे घेतले जाईल. ‘वय ७५, महिला, राज्यात’ ही टेस्ट असेल तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते. ती नसेल तर चूक आजींना आणि कंडक्टरला सापडते.

सोडवण्याच्या रीती

पहिली रीत वर पाहिलीच: जी प्रकरणे लगेच निकालात निघतात ती आधी परत पाठवायची, म्हणजे पोटात पोट वाढत नाही.

दुसरी रीत नियमांना तक्त्यात नेण्याची. सवलतींचा पाच ओळींचा तक्ता करायचा: वय कुठून कुठपर्यंत, फक्त महिलांना का, फक्त राज्यात का, भाडे किती. कोडमध्ये उरते एक लूप आणि एक तपासणी. लागू पडणारी पहिली ओळ घ्यायची. नवी सवलत आली की तक्त्यात ओळ वाढते, फंक्शनला हात लावावा लागत नाही. ओळींचा क्रम मात्र इथेही सांभाळावा लागतो, त्यामुळे त्या ३२ टेस्ट फेकून द्यायच्या नाहीत.

तिसरी रीत फंक्शन फोडण्याची, आणि सर्वाधिक गफलत इथे होते. फोडायचे कुठे? डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्ये दिलेले उत्तर अजून जुने झालेले नाही: जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवा. भाड्याचे दर, सवलती आणि तिकिटाची छपाई या तीन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात, म्हणून त्या वेगळ्या हव्यात.

चौथी रीत सोपी आणि दुर्लक्षित. जो कोड कोणी वापरत नाही, तो काढून टाका. गिटमध्ये तो राहतोच.

आकडा उद्दिष्ट झाला की

मर्यादा १० ठरली आणि बढती तिच्याशी जोडली, की ‘हिशेब_भाग१’, ‘हिशेब_भाग२’ अशी फंक्शन्स दिसू लागतात. प्रत्येकाचा आकडा सुरेख, आणि वाचणाऱ्याला एकाऐवजी चार ठिकाणी धावावे लागते. मॅकेब यांचे माप एका फंक्शनच्या आत पाहते. फंक्शन्सचे एकमेकांत अडकलेले पाय त्याला दिसत नाहीत. म्हणून आकड्यावरून माणसांना गुण देऊ नयेत. कोड रिव्ह्यूमध्ये तो प्रश्न विचारण्यापुरता वापरावा: हे फंक्शन ९वरून १७वर का गेले? कधीकधी याचे चांगले उत्तर असते. मर्यादा लावायचीच असेल तर नव्या आणि बदललेल्या कोडला लावावी.

लिझार्ड हे मोफत टूल सी, जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट अशा अनेक भाषांवर चालते आणि १५च्या वरची फंक्शन्स वेगळी काढून दाखवते. या आठवड्यात ते आपल्या प्रोजेक्टवर चालवा, यादी गिटच्या लॉगशी ताडून पाहा, आणि दोन्हींत वर आलेल्या एकाच फंक्शनच्या काठावरच्या टेस्ट लिहायला घ्या.