पुरस्कार अनुवादाला, दाखला मुळाचा

गीतांजली श्री यांच्या कादंबरीला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, तो डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादासाठी. पन्नास हजार पौंड दोघींत समसमान वाटले गेले, हे न्याय्यच होते. ग्रंथसंग्राहक या नात्याने माझी नजर मात्र मूळ हिंदी ‘रेत समाधि’कडे वळते. राजकमल प्रकाशनाने ती २०१८ मध्ये काढली. या कादंबरीची खरी पहिली आवृत्ती तीच.

बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ने २०२५ मध्ये हा प्रश्न अधिक बिकट केला. दीपा भास्ती यांनी अनुवादिलेल्या या बारा कथा १९९० ते २०२३ या काळातल्या, अनेक कन्नड संग्रहांतून निवडलेल्या. मग मूळ पुस्तक म्हणून संग्राहकाने नेमके काय शोधावे?

बुकरच्या संकेतस्थळावर आधीच्या वर्षांच्या याद्या मिळतात. साहित्य अकादमीच्या संकेतस्थळावर १९५५ पासूनचे मानकरी भाषावार सापडतात. दुसरीकडे, १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांना नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना द्यावी लागते. म्हणजे सन्मानाची नोंद एकीकडे आणि मुद्रणाची दुसरीकडे. या दोन्ही नोंदी परस्परांशी जोडल्या, तर कोणत्याही वाचकाला इंग्रजी अनुवादावरून मूळ भारतीय आवृत्तीपर्यंत सहज पोहोचता येईल. अनुवादाचा गौरव साजरा करणाऱ्या देशाने मूळ ग्रंथाचा जन्मदाखला तरी हाताशी ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.