मातीपासून आकाशापर्यंत

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण ही नावे उच्चारताच कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि पहाटेच्या पाळीला निघालेले कामगार डोळ्यांसमोर उभे राहतात. येथे तयार झालेल्या मोटारी व यंत्रांचे सुटे भाग दूरदूरच्या देशांत जातात. या पट्ट्यात आणखीही एक उद्योग चालतो. पण त्याचा भोंगा वाजत नाही आणि त्याचा माल मालमोटारींतून जाताना कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो उद्योग म्हणजे संशोधन. पिंपरीहून निघून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेकडे गेले, तर शंभर किलोमीटरही न भरणाऱ्या अंतरात मातीतील सूक्ष्म जीवांपासून आकाशातील दूरस्थ दीर्घिकांपर्यंत नाना विषयांचा शोध घेणारी माणसे आढळतात.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा अनेक विचारी माणसांच्या मनात एक प्रश्न होता. जेथे पोटभर अन्न नाही, गावोगाव दवाखाने नाहीत, तेथे प्रयोगशाळांवर पैसा खर्च करणे शहाणपणाचे आहे काय? प्रगत राष्ट्रांनी शोध लावावेत आणि आपण ते विकत घ्यावेत, हा मार्ग स्वस्तही आहे आणि सोपाही आहे, असे पुष्कळांस वाटे. हा विचार सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्याची एक बाजू खरी व दुसरी अपुरी होती, हे पिंपरीच्या उदाहरणावरून चांगले समजते.

१९२८ साली लंडनमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जिवाणू वाढविण्यासाठी ठेवलेल्या एका बशीत बुरशी शिरली होती आणि तिच्या सभोवतालचे जिवाणू नाहीसे झाले होते. या बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यास त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनी ते द्रव्य शुद्ध करून रोग्यांवर वापरून पाहिले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. साध्या जखमेत पू होऊन ज्या काळी माणसे दगावत, त्या काळी या औषधाचे मोल काय असेल! भारतास मात्र ते परदेशांतून आणावे लागे. यास्तव जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधी यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. पेनिसिलीन देणारी बुरशी प्रथम काचेच्या चंबूत वाढवितात. मग ती क्रमाक्रमाने मोठ्या भांड्यांत आणि शेवटी पोलादी टाक्यांत सोडतात. तेथे तिला साखरयुक्त खाद्य द्यावे लागते. टाकीतील द्रव सतत ढवळावा लागतो आणि वाढीच्या वेळी निर्माण होणारी उष्णता पाणी खेळवून काढून घ्यावी लागते. बुरशीला श्वासासाठी हवा हवी. पण त्या हवेत एकही परका जंतू असता कामा नये. एखादा घुसलाच, तर टाकीतील सारा माल फुकट जातो! म्हणून अशा कारखान्यात औषध बनविणाऱ्यांइतकेच पहारेकरीही लागतात. हे पहारेकरी हातात सूक्ष्मदर्शक घेतलेले असतात, एवढेच.

येथवरची विद्या बाहेरून मिळविता आली. परंतु कारखान्याबरोबरच पिंपरीस एक संशोधनशाळाही उभी राहिली होती आणि तेथे एक निराळाच प्रश्न विचारला जात होता. आपल्या पायांखालच्या मातीत कोण राहते?

पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो सुगंध दरवळतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या सुगंधाचे एक मुख्य कारण म्हणजे मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू. हे जिवाणू बुरशीप्रमाणे तंतुमय वाढतात, आणि मातीच्या गर्दीत टिकाव धरण्यासाठी इतर जीवांना मारक अशी द्रव्ये निर्माण करतात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली अमेरिकेत याच कुळातील एका जिवाणूपासून मिळाले होते. तेव्हा पिंपरीच्या संशोधकांनी मातीचे नमुने गोळा करण्यास आरंभ केला. चिमूटभर माती पाण्यात कालवावयाची, तो द्रव पुनःपुन्हा विरळ करून बशीत पसरावयाचा, त्यातून एकेक जिवाणू वेगळा करून वाढवावयाचा आणि तो रोगजंतूंवर काही परिणाम करतो की काय हे पाहावयाचे. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. मग दुसरी चिमूट घ्यावयाची.

या संशोधनाचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे वनस्पतिरोगांचे जाणकार. पिकांवर पडणाऱ्या बुरशींचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती. पेनिसिलीन जिवाणूंना मारते, पण माणसाला बुरशीमुळे जडणाऱ्या रोगांवर त्याचा उपयोग होत नाही, हे सर्वांस ठाऊक होते. बुरशीची खोड जाणणारा संशोधक नेमका त्याच बाजूला वळला, यात नवल नाही. १९६१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीनाशक अशा एका नव्या प्रतिजैविकाचा शोध जाहीर केला. कंपनीच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसीन हे नाव मिळाले. ते निर्माण करणाऱ्या जिवाणूचे नाव ठेवण्यात आले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. शास्त्रीय नामावलीत गावांची नावे पुष्कळ आहेत. त्यांत पवनेकाठच्या या गावाची भर पडली. तीन वर्षांनी, १९६४ साली, याच संशोधनशाळेतून ऑरिओफंजिन हे दुसरे द्रव्य पुढे आले. त्याचा उपयोग पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी करण्यात आला. शेताच्या अभ्यासातून रोग्याचे औषध निघाले आणि रोग्याच्या औषधशाळेतून पुन्हा शेताचे औषध निघाले, असा हा प्रवास आहे. पेनिसिलीनची कृती परदेशांतून आणता आली. पण पिंपरीच्या मातीत काय दडले आहे, हे सांगणारा ग्रंथ जगातील कोणत्याही ग्रंथालयात नव्हता.

या कारखान्याचे पुढचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. स्वस्त परदेशी मालाशी स्पर्धा करणे त्याला कठीण झाले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची गणना आजारी उद्योगांत झाली. शोध लावणे आणि त्या शोधावर उद्योग चालविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे पहिल्याहून सोपे आहे असे समजण्याचे कारण नाही.

संशोधन म्हणजे केवळ काचपात्रे आणि यंत्रे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. पिंपरीशेजारच्या चिंचवडकडे पाहिले म्हणजे ती दूर होते. मोरया गोसावी यांच्या समाधीमुळे चिंचवड प्रसिद्ध आहे. त्यांच्या वंशातील देव घराण्यास निरनिराळ्या राजवटींनी गावे इनाम दिली होती. त्यासंबंधीच्या सनदा, इनामपत्रे आणि महसुलाचे कागद यांचा अभ्यास करून लॉरेन्स प्रेस्टन या परदेशी विद्वानाने लिहिलेला ग्रंथ १९८९ साली केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला. इतिहासाच्या संशोधकासही प्रयोग करावाच लागतो. सनदेत गाव दिल्याचे लिहिले असेल. पण तेथील वसूल खरोखर कोणाच्या हाती पडला, हे हिशेबाच्या कागदांवरून ताडून पाहावे लागते. दोन कागद परस्परविरुद्ध बोलू लागले, म्हणजे तिसऱ्याचा शोध घ्यावा लागतो. असे कितीतरी मोडी कागद महाराष्ट्रात अद्याप बासनांत बांधलेले आहेत. परदेशी विद्वानाने ते वाचावेत याचे कौतुकच करावयास हवे. परंतु मोडी वाचणारे हात येथेच कमी होत जावेत, ही गोष्ट भूषणावह नाही.

भोसरीस रस्ते वाहतुकीचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आहे. ती १९६७ मध्ये स्थापन झाली. मोटारउद्योगासाठी १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेची शाखा चाकणला काम करते. वाहनांची सुरक्षितता व त्यांचा धूर यांची मोजमापे अशा संस्थांत काटेकोरपणे घेतली जातात. त्याच चाकणमध्ये संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढविला.

चाकणची बाजारपेठ कांद्यासाठीही नावाजलेली आहे, आणि तेथून थोड्या अंतरावर, भीमेच्या काठी, राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. कांद्यासारख्या साध्या वस्तूत संशोधन करण्याजोगे काय आहे, अशी शंका कोणासही येईल. पण कांदा हे मोठे लहरी पीक आहे. दिवस किती तासांचा आहे यावर त्याचे पोसणे अवलंबून असते. युरोपातील उन्हाळ्याच्या लांब दिवसांना सरावलेली जात महाराष्ट्रात लावली, तर पात जोमाने वाढेल. पण दिवस पुरेसा लांबत नसल्यामुळे खाली गड्डा धरणार नाही. म्हणजे परदेशातले उत्तम बियाणे विकत आणूनही शेतकऱ्याच्या हाती पातच येईल! येथील दिवसमानासाठी येथेच वाण तयार करावे लागतात.

त्यास वेळही फार लागतो. बी पेरल्यावर पहिल्या वर्षी कांदा मिळतो. तो कांदा पुन्हा लावावा, तेव्हा दुसऱ्या वर्षी त्याला फुलांचे गोंडे येऊन बी धरते. त्यात मधमाश्या या फुलावरील पराग त्या फुलावर नेतात. म्हणून निवडलेली झाडे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावी लागतात. असे कित्येक हंगाम गेल्यावर एखादा वाण स्थिर होतो. मग तो खरीप, रांगडा व रब्बी या हंगामांत कसा येतो, करपा व फुलकिडे यांपुढे टिकतो काय, आणि चाळीत किती महिने राहतो, हे पाहावयाचे असते. यांपैकी शेवटचा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उन्हाळी कांदा निघतो त्या वेळी सर्वांचाच माल एकदम बाजारात येतो व भाव कोसळतो. ज्याचा कांदा चाळीत न सडता, कोंब न फुटता चार-पाच महिने टिकतो, त्याला थांबण्याचे बळ येते. भीमा किरण हा या संस्थेचा वाण साठवणीत चांगला टिकणारा म्हणून ओळखला जातो. भीमा शक्ती, भीमा सुपर, भीमा शुभ्रा अशी तिच्या इतर वाणांची नावेही शेजारून वाहणाऱ्या नदीवरूनच आली आहेत.

रस्ता तसाच पुढे मंचरवरून नारायणगावास जातो. तेथून जवळच खोडद गावाच्या परिसरात द्राक्षमळ्यांच्या व ऊसमळ्यांच्या मधोमध जाळीच्या प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर असून त्यांची संख्या ३० आहे. त्यांतील १४ सुमारे एका चौरस किलोमीटरच्या आत आहेत. उरलेल्या तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. या सर्वांची मिळून एक दुर्बीण होते. ती प्रकाश पाहत नाही. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते.

ही दुर्बीण गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून साकार झाली. एवढी मोठी थाळी पत्र्याची केली असती, तर तिच्या वजनाने व वाऱ्याच्या दाबाने खर्च आवाक्याबाहेर गेला असता. परंतु येथे मीटरभर लांबीच्या लहरी पकडावयाच्या होत्या, आणि एवढ्या लांब लहरीला बोटाएवढे छिद्र जाणवतसुद्धा नाही. म्हणून पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारांची जाळी बसविण्यात आली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो. या प्रदेशात बर्फ पडत नाही, हेही सोयीचे ठरले. कमी पैशांत काम भागविण्याच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती आहे. आज देशोदेशीचे संशोधक या दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजन वायूतून निघालेला क्षीण संदेश याच थाळ्यांनी टिपला होता. त्याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला.

असा संदेश ऐकावयाचा, तर सभोवती शांतता हवी. ही शांतता कानांची नव्हे, रेडिओ लहरींची. डोंगरांच्या आडोशामुळे ती येथे लाभली म्हणूनच ही जागा निवडली गेली. मोटारीच्या इंजिनातील ठिणगी, वेल्डिंगचे यंत्र, विजेच्या तारेवरील गळती, मोबाइलचे मनोरे या सर्वांतून रेडिओ लहरींचा गोंगाट निघतो, आणि चाकणचा औद्योगिक पट्टा तर उत्तरेकडे सरकत आहे. कारखाना आला की तरुणांना काम मिळते. हेही खोटे नाही. म्हणून दुर्बिणीच्या आसपास नवा उद्योग काढताना तेथील शास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. पुणे-नाशिक लोहमार्गाची आखणी करताना तर हा मार्ग कोठून न्यावा, हा वादाचा विषय झाला आणि दुर्बिणीसाठी आखणीचा फेरविचार करावा लागला.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदची ही दुर्बीण सर्वांना पाहण्यास खुली असते. त्या वेळी तेथे विज्ञानप्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील मुलेमुली आपापली उपकरणे घेऊन येतात. आवारात शिरताना मोबाइल मात्र बंद करून ठेवावे लागतात.