डुमसच्या किनाऱ्यासाठी एक पान

लोकचळवळीच्या एका दिवसाच्या मोहिमेसाठी उभारलेले संकेतस्थळ संस्थेच्या कायमच्या संकेतस्थळाहून वेगळ्या प्रकृतीचे असते, कारण अनोळखी माणसाला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या जागी आणून उभे करणे एवढेच त्याचे काम असते. २४ ऑक्टोबर २००९ रोजी ‘३५० डॉट ऑर्ग’ या संघटनेने हवामानबदलाच्या प्रश्नावर जो जागतिक कृतिदिन पाळला, त्यात १८१ देशांत पाच हजारांहून अधिक कार्यक्रम झाले, आणि कोणत्याही गावच्या गटाला आपला कार्यक्रम स्वतः नोंदवता येईल असे संकेतस्थळ हा त्या सर्वांमधला दुवा होता.

सुरतेत अशा दिवसाचा विचार करताना डुमसचा किनारा प्रथम डोळ्यांपुढे येतो. १९८६ साली टेक्सासमध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होते, आणि तो शनिवार कधी कधी गणेशविसर्जनाला अगदी लागून येतो; २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती आणि हा शनिवार २१ तारखेला. खंभातच्या आखाताच्या मुखाशी भरती-ओहोटीतले अंतर मोठे असल्याने पानावर केवळ ‘सकाळी’ असे लिहून भागत नाही. ओहोटीची वेळ पाहून जमण्याची वेळ ठरवावी लागते, आणि ती पानाच्या पहिल्याच ओळीत, तारीख, वार आणि नेमक्या ठिकाणासह यावी लागते.

ही ओळ कोणत्या भाषेत असावी, हा सुरतेत शोभेचा प्रश्न नाही. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि महापालिकेच्या शाळा मराठी, उडिया, तेलुगूसह सात माध्यमांत चालतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला दिवसपाळी असताना येता येईल की रातपाळी असताना, जायला बस कुठून मिळेल आणि परत किती वाजता पोहोचता येईल, हे त्याच्या भाषेत सांगितले नाही तर मोहीम शहराची म्हणवली तरी शहराच्या एका कोपऱ्यातच राहते.

बांधणीच्या दृष्टीने असे पान ‘स्थिर’ असावे, म्हणजे मागे माहितीचा साठा किंवा गुंतागुंतीची आज्ञावली न ठेवता, एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली एकच फाइल सर्वांना जशीच्या तशी पाठवली जावी. ती स्वस्त फोनवर आणि मंद जोडणीवरही चटकन उघडते, आणि विनामूल्य जागेवरही ठेवता येते. पुष्कळ गट पत्रकाचे छायाचित्र चढवून मोकळे होतात, आणि हीच मोठी चूक आहे, कारण चित्रातली अक्षरे शोधयंत्राला वा दृष्टिहीनांच्या वाचकयंत्राला सहसा नीट वाचता येत नाहीत, आणि वेळ बदलली की चित्र नव्याने करावे लागते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत टाइप केला असेल, तर आदल्या रात्री पावसाने बेत बदलला तरी एक ओळ दुरुस्त करून काम भागते. दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की त्यासोबत दिसणाऱ्या चौकटीतही तारीख आणि ठिकाण यावे, कारण अनेकांची वाचायची सीमा तेवढीच असते.

नावनोंदणीत संयम हवा. नाव, फोन आणि सोबत येणाऱ्यांची संख्या यांपलीकडे काही विचारण्याचे कारण नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यामागील तत्त्वही हेच आहे, की माहिती सांगितलेल्या हेतूसाठी, संमतीने आणि गरजेपुरतीच घ्यावी. मोहीम संपल्यावर ही यादी पुसून टाकावी, पान मात्र ठेवावे, आणि त्यावर पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, मूर्तींचे अवशेष अशी वर्गवार मोजदाद मांडावी, म्हणजे पुढच्या विसर्जनापूर्वी महापालिकेकडे जाणाऱ्या निवेदनाला आकड्यांचा आधार मिळतो.