कंबर दुखली की…

सत्तरीत कंबर दुखणं यात नवल ते काय? शेजारच्या काकूंची दुखते, माझ्या धाकट्या बहिणीची दुखते. त्या तेल चोळतात आणि झोपतात. मी मात्र छताकडे बघत पडते. स्तनाचा कॅन्सर पसरला तर बरेचदा हाडांतच जातो, हे मला ठाऊक आहे ना!

ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन तीन वर्षं झाली. आता रोज लेट्रोझोलची एक गोळी. पाळी गेलेल्या बायकांच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं. ही गोळी ते जवळजवळ थांबवते आणि त्यावर पोसणाऱ्या गाठीची रसद तोडते. गंमत अशी, की कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची ही गोळीच सांधे आखडवते, हाडं ठिसूळ करते. मग दुखणं वयाचं, गोळीचं की त्या मेल्याचं?

मी पेट स्कॅनचा हट्ट धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, नको." काही लक्षण नसताना स्कॅन आणि रक्तातल्या मार्करच्या तपासण्या करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही. उलट एखादा निरुपद्रवी ठिपका दिसतो आणि बायोप्सीचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. ठरल्या तारखेला तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी पुरे. बाकी त्यांनी हिशेब घालून दिला. कमी-जास्त होणारं दुखणं दोन आठवडे बघायचं. पण एकाच जागी ठाण मांडून वाढत जाणारं, रात्री झोपेतून उठवणारं असेल, नवी गाठ लागली, दम लागला, उगाचच वजन उतरलं, तर तारखेची वाट बघायची नाही. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली तर त्याच दिवशी यायचं. या हिशेबाने मला झोपेच्या गोळीपेक्षा जास्त झोप दिली.

कॅन्सर परत येण्याची ही धास्ती तरुण रुग्णांत जास्त असते, वयाबरोबर कमी होते, असं अभ्यासक सांगतात. असेलही. पण आम्ही म्हातारी माणसं ती बोलतो कुठे? 'आता माझं काय राहिलंय' म्हणून मोकळे होतो. मरणाची मला खरंच तेवढी भीती नाही. भीती आहे ती पुन्हा सलाइनची, पुन्हा मुलाच्या रजांची, सुनेने बाथरूमपर्यंत धरून नेण्याची. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. रात्री दोन वाजता हे सांगणार कुणाला?

ऑस्ट्रेलियात या भीतीसाठी 'कॉन्कर फिअर' नावाची समुपदेशनाची पद्धत बेतली आहे. तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले; भीती कमी झालेली दिसली. तिच्यात भीती मुळापासून उपटायचा आग्रह नाही. काळजीत अडकलेलं लक्ष सोडवून घ्यायला शिकवतात आणि तपासण्या किती, कधी याचं वेळापत्रक बांधून देतात. आपल्याकडे तपासणीला गेल्यावर कुणी 'झोप लागते का, कशाची भीती वाटते?' एवढं विचारलं तरी खूप.

माझी पुढची तारीख गणपतीनंतर आहे. त्याआधीचे आठ दिवस मी चिडचिड करणार, हे मुलाला सांगून ठेवलंय. तेव्हा 'आई, पॉझिटिव्ह राहा' म्हणायचं नाही. हवं तर रमीचा डाव मांड म्हटलं.