लिहिलें खरें, पण वाचणार कोण?

आमच्या घरीं लिहिण्याची हौस जुनी आहे. आमच्या वडील बंधूंनीं शिक्षकाची नोकरी संपल्यावर जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील लेणीं, घाट व देवळें यांविषयीं इंटरनेटवर स्वतःची अनुदिनी, म्हणजे लोक जिला ब्लॉग म्हणतात ती, सुरू केली. पायीं हिंडून, डोळ्यांनीं पाहून त्यांनीं तीसेक लेख लिहिले. पण वाचकांचा आंकडा पाहावा तों रोजचे सात नाहीं तर आठ. आणि त्यांतले पांच आमच्याच घरांतले! एके दिवशीं जेवतांना दादा म्हणाले, "आतां हें बंद करावें. रिकाम्या माजघरांत कीर्तन किती दिवस करावयाचें?" त्या बोलण्यानें आम्हांस चुटपुट लागली. घरांतील मुलांना हाताशीं घेऊन आम्हीं या प्रकरणाचा छडा लावावयाचें ठरविलें. त्यांत जें कळलें तें अशाच हौशी कुटुंबांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

आमच्याकडे नारायणगांवास पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पुढारी यात्रेची सुपारी देण्यास तेथें येतात. ज्या फडाची राहुटी तेथें नाहीं, तो कितीही गुणी असला तरी येणाऱ्याच्या दृष्टीस कसा पडावा? शोधयंत्राचें असेंच आहे. वाचकानें प्रश्न विचारला म्हणजे गूगलसारखें यंत्र त्या क्षणीं जग धुंडाळूं लागत नाहीं. एका पानावरून दुसऱ्या पानावर जात, ग्रंथाच्या शेवटीं असते तशी शब्दांची प्रचंड सूची त्यानें आधींच करून ठेविलेली असते. तींत जें नाहीं, तें शोधणाऱ्याच्या लेखीं नाहींच. सूचींतील कोणतें पान वर ठेवावें, याची एक कसोटी लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोघां विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं मांडली. ज्या पानाकडे इतर पानें बोट दाखवितात, आणि तीं बोट दाखविणारीं पानेंही मान्यवर असतात, तें पान वजनदार. स्थळाची चौकशी करतांना आपण तरी दुसरें काय करितों? पुढें कसोट्या पुष्कळ वाढल्या; पण हें तत्त्व टिकून आहे.

आमचा पहिला दोष अक्षरांत निघाला. दादांचे आरंभीचे बारा लेख जुन्या फाँटांत टंकलेले होते. अशा फाँटांत डोळ्यांना देवनागरी दिसते, परंतु यंत्राच्या पोटांत रोमन अक्षरांचींच चिन्हें सांठविलेलीं असतात. तो मजकूर यंत्रास निरर्थक वाटतो. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोड पद्धतींत देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. मुलांनीं ते बारा लेख तींत उतरविले, तेव्हां कोठें ते शोधांत सांपडूं लागले.

दुसरा दोष मथळ्यांत होता. 'सह्याद्रीच्या कुशींत' हें नांव कानास गोड. पण असें कोणी शोधीत नाहीं. लोक विचारतात, नाणेघाटांतील शिलालेख कोणाचा? म्हणून 'नाणेघाट: सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख' असा सरळ मथळा दिला. तो शिलालेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहे, त्यांत यज्ञांतील दक्षिणांचे आंकडे आहेत आणि भारतांतील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते, ही माहिती पांचव्या परिच्छेदांतून पहिल्यांत आणिली. प्रत्येक चित्राखालीं तें कशाचें, हें शब्दांनीं लिहिलें.

नांवांचा घोटाळा तर मौजेचा होता. नुसतें 'शिवनेरी' विचारलें कीं किल्ल्याबरोबर एस. टी.ची मुंबई-पुणें मोटार पुढें येते. 'आंबेगांव' म्हणावें तर पुणें शहराजवळ कात्रजकडील आंबेगांव हजर! आमच्या तालुक्याचें मूळ आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. म्हणून लेखांत घोडेगांव, डिंभे, जुन्नर हीं शेजारचीं नांवें आवर्जून घातलीं.

समाजमाध्यमांचा धडा निराळा. पावसाळ्यांत नाणेघाटाच्या कड्यावरून पडणारें पाणी वाऱ्यानें उलटें वर उडतें. त्या 'उलट्या धबधब्या'च्या चित्रफिती हातोहातीं पसरल्या आणि ज्यांना शिलालेख ठाऊकही नव्हता अशांची तेथें रीघ लागली. तेथील गर्दी जत्रेसारखी. आली तशी ओसरते. शोधांतून येणारा वाचक एकेकटा येतो, पण वर्षभर येत राहतो. आम्हीं आणखी एक ठेंच खाल्ली. दादांचा लेण्याद्रीवरील लेख कोणीं तरी व्हॉट्सॲपवर उतरवून घेतला व नांव कापून पुढें धाडला. तो फिरत फिरत आमच्याच नातेवाईकांकडून आम्हांस आला, वर "अवश्य वाचा" असा आग्रह! तेव्हांपासून आम्ही गटांवर पहिला परिच्छेद व दुवा एवढेंच देतों. तेंही हंगाम पाहून: शिवनेरीचा लेख १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपूर्वीं, घाटांचे लेख मृगापूर्वीं, कारण सूचींत नांव चढण्यास कांहीं दिवस लागतात.

मोहाचा प्रसंगही आला. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व सुमारें दीडशें माणसें गेलीं. दादांनीं त्यावर लिहिलें होतें. एका हितचिंतकानें सुचविलें, "मथळ्यांत 'भयंकर रहस्य' घाला, हजारों वाचक येतील." दादा म्हणाले, "ज्यांचीं माणसें गेलीं तेही वाचतील, हें तुम्ही विसरलां." मथळा राहिला तो 'माळीण: काय घडलें' एवढाच. वाचक वाढविण्याच्या नादांत कोणतें दार बंद ठेवावें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

अलीकडे शोधयंत्रें स्वतःच उत्तर रचून वर देऊं लागलीं आहेत. पुष्कळ वाचक तेथूनच परत फिरतात. यावर उपाय एकच दिसतो: जें चार पुस्तकांतून उचलतां येतें तें न लिहितां, जें तेथें जाऊन पाहिल्याविना कळत नाहीं तें लिहावें.

वर्ष उलटलें. वाचक रोज शंभरावर गेले आहेत; फार नव्हेत. पण मागील महिन्यांत एका अपरिचित बाईंचें पत्र आलें. त्यांचें आजोळ धरणांत गेलेल्या जुन्या आंबेगांवांत होतें. नातवंडांना दाखवावयास कांहीं सांपडतें का म्हणून शोधतां शोधतां त्या दादांच्या लेखापाशीं पोंचल्या. "गांवाचें आणखी जें आठवतें तें लिहा," एवढेंच त्यांचें मागणें. दादांनीं तें पत्र दोनदां वाचलें, चष्मा पुसला आणि जेवण झाल्यावर ते नेहमीप्रमाणें न निजतां लिहावयास बसले. बंद करण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.